लिनक्स सुरू होतानाच्या डिस्क ड्रायव्हर त्रुटी

लिनक्सचा संगणक सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क सापडली नाही, किंवा सापडूनही नीट वाचता आली नाही, की पडद्यावर 'कर्नल पॅनिक' येते, नाहीतर 'इनिटरॅमएफएस' असे लिहिलेला काळा पडदा समोर थांबतो. डिस्क गेली असे धरून लोक नवी घ्यायला निघतात. पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते. घोळ ड्रायव्हरचा (डिस्क चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा), डिस्कच्या नावाचा किंवा केबलचा असतो.

ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाचे छोटे गाठोडे मेमरीत आणतो. मुख्य डिस्क उघडायचे ड्रायव्हर त्यात असतात: साटा डिस्कसाठी बहुधा एएचसीआय, नव्या एसएसडीसाठी एनव्हीएमई. पॅनिकच्या संदेशात 'अननोन-ब्लॉक'पुढे दोन शून्ये दिसली, तर कर्नलला मुख्य डिस्कच मिळालेली नाही. अपडेट चालू असताना वीज गेली किंवा बूटचे विभाजन (डिस्कवरचा कर्नल ठेवायचा भाग) भरले, तर हे गाठोडे अर्धवट राहते. अशा वेळी ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा. बहुतेकदा तेवढ्याने संगणक उठतो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर कारखान्यात मदरबोर्ड जळाला आणि बिलांची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, असे समजू. फेडोरासारख्या वितरणांत (लिनक्सच्या प्रकारांत) गाठोडे बांधणारे ड्रॅकट हे साधन फक्त त्या-त्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर भरते, त्यामुळे नव्या बोर्डावर डिस्क दिसत नाही. ग्रबमधल्या 'रेस्क्यू' नोंदीत जास्तीचे ड्रायव्हर असतात. तिथून आत शिरून ड्रॅकटने गाठोडे नव्याने बांधावे. डेबियन व उबुंटूत हेच काम 'अपडेट-इनिटरॅमएफएस' करते.

जुन्या यंत्रात बोर्डावरचा सेल उतरला की बायोसची (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर जाते आणि साटाची पद्धत एएचसीआयवरून रेड किंवा आयडीई या दुसऱ्या पद्धतींवर पडू शकते. काही इंटेल यंत्रांत रेड पद्धत चालू असली की एनव्हीएमई डिस्क लिनक्सला दिसतच नाही. म्हणून काहीही उघडण्याआधी बायोस बघावे. डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावे बदलू शकतात. म्हणून कुठला भाग कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलीत नावाऐवजी यूयूआयडी हा ओळख-क्रमांक लिहिलेला बरा.

डिस्क दिसते पण वाचताना अडते, तेव्हा डीमेसेजमधली (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीतली) पहिली चूक शोधावी. शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते, कारण नाही. 'यूएनसी' म्हणजे डिस्कवरचा तो भाग वाचता आला नाही. 'आयसीआरसी' म्हणजे डेटा वाटेत बिघडला, तिथे संशय केबलवर घ्यावा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते त्या स्मार्ट अहवालातला १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर केबल बदलावी. १९७ वाढत असेल तर डिस्कचेच दिवस भरत आले आहेत. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाचे तंतू पंख्यांत आणि हीटसिंकमध्ये अडकतात, आणि मे महिन्यात इथला पारा ४० अंशांपुढे जातो. तिथल्या संगणकात तपमानाचा आकडाही जरूर पाहावा.

डिस्क खरोखर खराब होत असेल तर तिच्यावर थेट एफएससीके हे फाइलींची रचना दुरुस्त करणारे साधन चालवणे घातक आहे. दुरुस्तीच्या नादात उरलेल्या फाइलीही जाऊ शकतात. आधी डीडीरेस्क्यू या साधनाने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी. ते चांगला भाग आधी उचलते, अडलेल्या जागा मागाहून पुन्हा वाचू पाहते आणि कुठवर आले याची नोंद मॅप फाइलीत ठेवते. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू करता येते. एफएससीके चालवायचे ते या प्रतीवर.