पॉवर विंडो, मोटारगाडीतील

पॉवर विंडो : मोटारगाडीच्या दाराची काच विद्युत मोटरने वर-खाली करणारी यंत्रणा. प्रस्तुत नोंदीत तिची पूर्वपीठिका, रचना आणि काच उघडत वा बंद होत नसल्यास करावयाचे दोषनिदान यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : या यंत्रणेच्या आद्यत्वाबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक संदर्भग्रंथ तो मान पॅकार्ड कंपनीच्या १८० मालिकेला देतात. ही सोय १९४० च्या अखेरीस, १९४१ च्या मॉडेलवर आली. त्याच सुमारास लिंकन कस्टम या लिमोझिनमध्येही तशी सोय होती, आणि मॉडेलचे वर्ष धरायचे की विक्रीचे यावर दोहोंतील अंतर कमीजास्त होते. त्याआधी, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, प्लिमथच्या उघड्या गाड्यांचे कापडी छत निर्वात दाबाने उचलले जाई. यांत्रिक साहाय्याची गरज मुळात तेथून निर्माण झाली, हे मत ग्राह्य वाटते. पॅकार्डची यंत्रणा मात्र द्रवदाबावर चाले. विजेचा पंप द्रवाला दाब देई आणि सिलिंडरमधील दट्ट्या काच उचलत असे. महायुद्धानंतर जनरल मोटर्सच्या उघड्या गाड्यांतही हीच पद्धत होती. द्रव गळणे आणि सिलिंडर गंजणे हे तिचे नेहमीचे दुखणे. कॅडिलॅकच्या ७५ मालिकेत निव्वळ विजेवर चालणारी काच होती, पण ती चालक आणि मागील प्रवासी यांच्यामधली, दाराची नव्हे. दाराच्या काचांसाठी संपूर्ण विद्युत यंत्रणा १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये आली असे सामान्यतः मानतात. आजच्या यंत्रणेची वंशावळ येथूनच मोजणे अधिक सयुक्तिक, कारण आजचे दोष याच रचनेतून उद्‌भवतात.

रचना : दाराच्या पॅनलमागे १२ व्होल्टची लहान मोटर असते. तिच्या दंड्यावरील वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) दातेरी चाक फिरवतो. चाक मात्र उलट वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून मोटर बंद असताना काच जागच्या जागी राहते आणि बाहेरून दाबून खाली ढकलता येत नाही. चाकाची गती रेग्युलेटर काचेपर्यंत नेतो. जुन्या गाड्यांत तो कात्रीच्या भुजांचा असे. आता बहुधा पोलादी केबल आणि उभ्या पट्टीवर सरकणारा प्लॅस्टिकचा धारक असतो.

साध्या मंडलात मोटरला दोनच तारा जातात. स्विच सोडलेला असताना दोन्ही तारा अर्थला, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या जोडणीला, जोडलेल्या असतात. दाबल्यावर एकीला बॅटरीचा पुरवठा मिळतो, दुसरी अर्थवरच राहते. प्रवाशाच्या बाजूचा स्विच हा अर्थ स्वतःजवळून घेत नाही, तो चालकाच्या मुख्य स्विचमधून येतो. हा तपशील दुय्यम वाटला तरी निदानाची निम्मी कोडी त्यानेच सुटतात.

दोषनिदान : पॅनल उघडण्यापूर्वी कान वापरावेत. स्विच दाबल्यावर मोटर गुणगुणते, पण काच हलत नाही किंवा दारात करकर ऐकू येते, तर केबल तुटली आहे वा धारक फुटला आहे. अशी काच हाताने वर येते आणि सोडताच घसरते. आवाज मुळीच नसेल तर आतला दिवा लावून स्विच दाबावा. दिवा किंचित मंदावला तर मोटरपर्यंत प्रवाह पोहोचत आहे, पण मोटर वा काच अडकली आहे. दिवा तसाच राहिला तर दोष फ्यूज, स्विच, तारा किंवा झिजलेले कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) यांपैकी कशात तरी आहे. दारावर चापट मारताच काच चालू लागली तर संशय ब्रशवर घ्यावा. सगळ्याच काचा बंद असतील तर फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि मुख्य पुरवठा पाहावा. फक्त मागच्या बंद असतील तर प्रथम चालकाकडील, मागच्या काचांचे स्विच निष्क्रिय करणारे, लॉकचे बटण पाहावे. हे सांगण्यासारखे नाही, पण या बटणापायी पॅनले उघडली गेली आहेत.

काच खाली जाते पण वर येत नाही, तेव्हा अर्धी मोटर जळाली असा निष्कर्ष काढला जातो. तो क्वचितच बरोबर असतो. दोन्ही दिशांना त्याच दोन तारा आणि तेच ब्रश वापरात असतात. एका दिशेला पूर्ण शांतता असेल तर स्विचचा एखादा संपर्क खराब असतो. वर जाताना मोटर कण्हत असेल तर काचेच्या खाचेतील रबर कोरडे पडलेले असते. तेथे सिलिकोन स्प्रे वापरावा, खनिज तेलाने रबर फुगते. प्रवाशाच्या स्विचवरून काच एकाच दिशेला चालते आणि चालकाच्या स्विचवरून कुठेच नाही, असे असल्यास दोन दारांमधली तार तुटलेली असण्याचा संभव अधिक. ती बहुधा बिजागरीजवळच्या रबरी नळीत, दाराच्या उघडझापीने तुटते. बाहेरचे आवरण शाबूत दिसते आणि आत तांबे तुटलेले असते. म्हणून मल्टिमीटरची (व्होल्ट मोजणाऱ्या मापकाची) तपासणी मोटरचा प्लग जोडलेला ठेवून, भाराखाली, म्हणजे स्विच दाबलेला असताना करावी. एकच तंतू उरलेली तारही भाराविना १२ व्होल्ट दाखवते.

वारंवार वर-खाली केल्यावर बंद पडलेली काच काही मिनिटांनी आपोआप चालू होते. हा दोष नव्हे, मोटरमधील तापरक्षकाचे काम आहे. बॅटरी काढून परत जोडल्यावर एका स्पर्शात बंद होण्याची सोय अनेक गाड्यांत जाते. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच धरल्यास ती बहुधा परत येते, नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. वर पोहोचत आलेली काच परत खाली येते तेव्हा अडथळा ओळखणाऱ्या रक्षकाला कोरड्या रबराचा विरोध बोटासारखा वाटत असतो. युरोपीय नियमांत हा रक्षक ४ ते २०० मिमी. फटीत, १०० न्यूटन बल ओलांडण्यापूर्वी काच मागे फिरवणारा असावा लागतो.

तात्पुरती काच बंद करण्यासाठी एकाने स्विच वरच्या दिशेला दाबून धरावा आणि दुसऱ्याने दोन्ही तळवे काचेच्या आतून-बाहेरून टेकवून ती उचलावी. कात्रीच्या रेग्युलेटरची मोटर सोडवण्यापूर्वी भुजा पकडीने आवळून ठेवाव्यात. तोलासाठी बसवलेली स्प्रिंग मोटर सुटताच भुजा झटक्यात फिरवते आणि बोटे सापडतात.