खाऱ्या टाकीची मळी

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत तापू लागला की त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात आणि रसातली घाण फेसाबरोबर वर येते. तिला मळी म्हणतात, आणि ती झाऱ्याने काढून टाकल्याशिवाय गुळाला रंग चढत नाही. समुद्रातले मासे घरी पाळणारा माणूस टाकीच्या मागे जे उभे नळकांडे लावतो, तेही मळीच काढते. तिथे आच नसते, हवेचे बुडबुडे असतात. या नळकांड्याला प्रोटीन स्किमर म्हणतात, आणि ठाण्यातल्या कोणत्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळणाऱ्या सामानातून ते घरी बनवता येते. त्याच्या जोडीने पाणी नितळ करणारा ओझोन वायू वापरावा का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पावसाळ्यावर बरेच अवलंबून आहे.

आधी एक खुलासा करणे बरे. या लेखातली टाकी म्हणजे माशांची टाकी. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे परदेशी चित्रफितींमध्ये दिसणाऱ्या रंगीत प्रवाळांच्या टाकीची स्वप्ने येथे पाहू नयेत. माशांपुरते बोलायचे तर क्लाउनफिशसारख्या जाती कृत्रिम पैदाशीतून मिळू शकतात, आणि समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा टाकीत जन्मलेला मासा घेणे केव्हाही चांगले.

माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि त्यांच्या अंगावरची बुळबुळ यांतून असे अनेक रेणू पाण्यात उतरतात, ज्यांचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते. साबणाचा रेणू असाच असतो, आणि डाळ शिजताना पातेल्याच्या काठाशी जमणाऱ्या फेसामागेही अशाच रेणूंचे वर्तन आहे. पाणी आणि हवा जिथे एकमेकांना भेटतात तिथेच अशा रेणूच्या दोन्ही टोकांची सोय होते, म्हणून तो तिथे जाऊन बसतो. पाण्यात बुडबुडा सोडणे म्हणजे अशी बसण्याची जागा पाण्याच्या पोटात नेऊन देणे होय. बुडबुडा जितका बारीक, तितकी जागा अधिक. एक लिटर हवा ५ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली तर एकूण पृष्ठभाग १.२ चौरस मीटर होतो. तीच हवा अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत विभागली तर तो १२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३० चौरस फूट होतो. आपल्याकडच्या फ्लॅटमधली एक बेडरूम साधारण एवढीच असते.

इतके बारीक बुडबुडे टिकतात ते समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भेटताच एक होऊन मोठे होतात, तर क्षार त्यांचे हे एकत्र येणे रोखून धरतात. त्यामुळेच गोल्डफिशच्या टाकीत स्किमर लावून काही हाती लागत नाही.

घरगुती स्किमरची रचना सांगायला सोपी आहे. ७.५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा, दोन फूट उंचीचा पाइप उभा करावा; पाणी वरच्या बाजूने आत यावे आणि तळातून बाहेर पडावे; हवा मात्र तळाशी सोडावी, म्हणजे पाणी खाली उतरताना बुडबुडे त्याच्या विरुद्ध वर चढतात आणि दोघांचा सहवास लांबतो. वर अरुंद मान असावी आणि तिच्याभोवती फेस सांडून जमा होईल असा कप. बाहेर जाणाऱ्या पाण्यावर एक व्हॉल्व्ह लावला की आतली पातळी वरखाली करता येते. हवेसाठी लाकडी एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे करणारा सच्छिद्र तुकडा, उत्तम, कारण त्याची छिद्रे फार बारीक असतात. बाजारात त्याला लाइमवुड म्हणतात, पण त्याचा लिंबाशी काही संबंध नाही. ते युरोपातल्या लिंडन वृक्षाचे मऊ लाकूड आहे. ते काही आठवड्यांत बुजते आणि बदलावे लागते.

या रचनेत सर्वांत जास्त चुका पाण्याचा पंप निवडताना होतात, म्हणून येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे. आपल्या पाइपचे आडवे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर आहे. त्यातून तासाला २०० लिटर पाणी सोडले तर ते सेकंदाला सव्वा सेंटिमीटर वेगाने खाली उतरते आणि पाइपमध्ये पाऊण मिनिटाहून अधिक काळ राहते. अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण ५ सेंटिमीटर वेगाने वर चढतो, त्यामुळे तो या प्रवाहावर सहज मात करतो. आता पंप मोठा लावून तासाला १,००० लिटर सोडले तर पाण्याचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि ज्या बारीक बुडबुड्यांसाठी सारा खटाटोप केला तेच पाण्याबरोबर ओढले जाऊन टाकीत येतात. माझ्या पहिल्या स्किमरमध्ये मी हेच केले होते. दोन दिवस टाकी ताकासारखी दिसत होती आणि कप कोरडा ठणठणीत होता.

नवे नळकांडे पहिले काही दिवस नीट फेस धरत नाही, कारण प्लॅस्टिकवर कारखान्यातले तेलकट थर असतात. जेवून तेलकट हात टाकीत घातला किंवा स्निग्ध खाद्य टाकले तरी फेस तासन्‌तास बसतो. तेल फेसाची पातळ भिंत फोडते. उलट टाकीत नुकतीच एपॉक्सी पुट्टी वापरली असेल तर फेस आवरत नाही आणि कप वाहू लागतो. कपात कोऱ्या चहाच्या रंगाचे, उग्र वासाचे पाणी साठू लागले की यंत्र जमले असे समजावे. या सगळ्याचा एक आनुषंगिक लाभ आपल्या हवामानात फार मोलाचा आहे. उन्हाळ्यात टाकी ३० अंश सेल्सिअसवर गेली की गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात मात्र केवळ ६.२ मिलिग्रॅमच्या आसपास. मासे जो प्राणवायू वापरतात, तो स्किमरमधील हवा सतत भरून काढत राहते.

तरीही स्किमरकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी वेगवेगळ्या स्किमरांवर मोजमापे घेतली तेव्हा पाण्यातील सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच फेसावाटे निघत असल्याचे दिसले, आणि महागड्या यंत्रांनाही ही मर्यादा फारशी ओलांडता आली नाही. फेसावर न बसणारे रेणू पाण्यातच राहतात. माशांच्या मलमूत्रातून शेवटी बनणारे नायट्रेटही राहते, म्हणून पाणी बदलण्याला पर्याय नाही. काही महिन्यांनी पाण्याला जो फिकट पिवळा रंग चढतो, तो या उरलेल्या रेणूंचा असतो, आणि येथे ओझोनचा विचार सुरू होतो.

तीन ऑक्सिजन अणूंचा हा वायू १८४० मध्ये ख्रिश्चियन शोनबाइन यांनी त्याच्या वासावरून ओळखला, आणि नावही वास येणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिले. झेरॉक्सच्या दुकानात यंत्र सतत चालू असताना जो तिखटसर वास येतो, तो हाच. १८५७ मध्ये वेर्नर फॉन सीमेन्स यांनी विद्युत विसर्गातून तो तयार करण्याचे साधन बनवले. आजची बहुतेक घरगुती यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. पिवळेपणा देणाऱ्या रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि ओझोन नेमकी तीच तोडतो. एक-दोन दिवसांत पाणी काचेसारखे दिसू लागते. पण घाण येथे पाण्याबाहेर गेलेली नसते; मोठ्या रेणूचे लहान तुकडे झालेले असतात, जे जिवाणूंना खायला सोपे जातात. थोडा ओझोन फेसाला मदत करतो, जास्त झाला तर रेणू इतके लहान आणि पाण्यात रमणारे होतात की ते बुडबुड्यावर बसतच नाहीत आणि स्किमर मंदावतो.

समुद्राच्या पाण्यात एक गुंतागुंत आणखी आहे. त्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. ओझोन त्याच्याशी झटकन अभिक्रिया करून हायपोब्रोमस आम्ल आणि पुढे ब्रोमेट बनवतो. ओझोन स्वतः थोड्या वेळात संपतो, परंतु ब्रोमिनची ही संयुगे टिकतात आणि माशांच्या कल्ल्यांना भाजतात. म्हणून ओझोन टाकीत कधीही थेट सोडू नये. तो स्किमरमध्ये सोडावा आणि तिथून निघणारे पाणी सक्रिय कार्बनच्या, म्हणजे खास तयार केलेल्या सच्छिद्र कोळशाच्या, थरातून जाऊ द्यावे. कपातून बाहेर पडणाऱ्या हवेलाही कार्बनची गाळणी हवी. खोलीत वास जाणवणे ही धोक्याची सूचना आहे, आणि नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते, त्यामुळे वास गेला म्हणजे ओझोन गेला असे नव्हे.

छंदी लोक साधारणपणे दर १०० लिटरला तासाला ५ ते १५ मिलिग्रॅम ओझोन देतात. २०० लिटरच्या टाकीला म्हणजे १० ते ३० मिलिग्रॅम पुरे. भाजी धुण्यासाठी विकली जाणारी ओझोन यंत्रे तासाला काहीशे मिलिग्रॅमची असतात, आणि स्वस्त पडतात म्हणून तीच टाकीला जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाण्याची ऑक्सिडीकरण क्षमता मोजणारा प्रोब लावून ती ४०० मिलिव्होल्टच्या पुढे जाताच यंत्र बंद होईल अशी व्यवस्था करतात, पण दोन प्रोब एकाच पाण्यात काही दशक मिलिव्होल्टचा फरक दाखवू शकतात, तेव्हा त्या आकड्यावरही फार विसंबू नये.

आणि ओझोन यंत्रांचे हे आकडे कोरड्या हवेचे आहेत. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते, आणि दमट हवेत विद्युत विसर्गातून ओझोन फारच कमी बनतो. शिवाय हवेतील नायट्रोजनपासून बनलेली ऑक्साइडे ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल तयार होते, जे यंत्राला आतून खाते. उपाय म्हणजे यंत्राआधी सिलिका जेलची नळी. पण पावसाळ्यात हे दाणे लवकरच रंग बदलतात आणि ११० ते १२० अंशांवर पुन्हा सुकवावे लागतात. निळे दाणे घेऊ नयेत, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असते. घरगुती टाकीसाठी माझे मत असे, की पिवळेपणा घालवायला महिन्याला बदललेला सक्रिय कार्बन पुरतो.

ज्यांना तरीही ओझोन वापरायचा आहे, त्यांनी नळ्यांकडे नीट लक्ष द्यावे. सिलिकॉन आणि टेफ्लॉन ओझोनला दाद देत नाहीत. साधी लवचिक नळी कडक होऊन तडकते, रबर तर काही दिवसांत चिरफळते. एअर पंपाचा पडदा रबराचा असतो, म्हणून पंप ओझोन यंत्राच्या आधी हवा, नंतर नव्हे. वीज गेली की स्किमरमधले पाणी हवेच्या नळीतून उलटे चढून यंत्रात शिरू शकते. त्यासाठी यंत्र टाकीच्या पातळीच्या वर टांगावे आणि नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवावा. माझ्या यंत्राला तो व्हॉल्व्ह होता. सहा महिन्यांनी सहज उघडून पाहिला, तेव्हा आतली रबराची पडदी बोट लागताच तुकडे होऊन हातात आली.