फ्रीमेसनरी : देशोदेशीच्या परंपरा

फ्रीमेसनरी ही गवंड्यांच्या जुन्या संघटनांमधली चिन्हे आणि विधी उचलून अठराव्या शतकात आकाराला आलेली बंधुसंस्था. गुण्या आणि कंपास ही तिची खूण जगभर एकच; मात्र तिला जागतिक केंद्र नाही. सदस्यांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात आणि अशा अनेक लॉजवरच्या प्रमुख संस्थेला ग्रँड लॉज. प्रत्येक ग्रँड लॉज स्वायत्त असते आणि दुसऱ्या ग्रँड लॉजला मान्यता द्यायची की नाही, हे तीच ठरवते. त्यामुळे त्या त्या देशातील धर्मसत्ता व राजसत्तेचा ठसा लॉजवर उमटत गेला.

स्कॉटलंडमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या गवंड्यांच्या लॉजची कागदपत्रे १५९९ पासूनची आहेत. बांधकामाशी संबंध नसलेले प्रतिष्ठित लोक त्यांत पुढे शिरले. लंडनमध्ये, परंपरेनुसार १७१७ साली, चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज झाली. १७२३ च्या तिच्या नियमावलीने सदस्यांवर ‘सर्व माणसांना मान्य असलेल्या धर्मा’पुरतेच बंधन ठेवले आणि लॉजमध्ये धर्म व राजकारणावरचे वाद वर्ज्य केले. यादवी युद्ध भोगलेल्या देशाचे हे शहाणपण होते. पुढे सरदार आणि राजपुत्र प्रमुखपदी आले व संस्था राजमान्य झाली.

स्वीडनमध्ये राजघराणे लॉजशी याहून घट्ट बांधले गेले. १८११ मध्ये राजा तेरावा कार्ल याने फ्रीमेसनांसाठी खास राजसन्मान सुरू केला. स्वीडिश पद्धतीत सदस्य ख्रिस्ती असावाच लागतो.

फ्रान्सची वाट नेमकी उलटी. पोपने १७३८ मध्येच फ्रीमेसनरीवर बंदी घातली होती; एकोणिसाव्या शतकात चर्चविरोधी प्रजासत्ताकवादी लॉजमध्ये जमले. १८७७ मध्ये ग्राँद ओरियां या तेथील प्रमुख फ्रीमेसन संस्थेने ईश्वर व आत्म्याचे अमरत्व मानण्याची अट काढून टाकली. गंमत अशी, की हा ठराव पुढे रेटणारे फ्रेदेरिक देमों स्वतः प्रोटेस्टंट पाद्री होते! इंग्लंडने संबंध तोडले, ते आजही जुळलेले नाहीत. स्त्री-पुरुषांची मिश्र शाखा ‘ल द्र्वा युमँ’ हीदेखील फ्रान्सचीच (१८९३).

अमेरिकेत प्रत्येक राज्याची ग्रँड लॉज वेगळी. तेथे बंधुत्व अडले ते वर्णावर. बॉस्टनच्या प्रिन्स हॉल यांनी कृष्णवर्णीयांच्या लॉजसाठी १७८४ मध्ये थेट इंग्लंडकडून सनद मिळवली. तरी या परंपरेला गोऱ्या ग्रँड लॉजची टिकाऊ मान्यता १९८९ पासून, कनेक्टिकटपासून, मिळू लागली.

मुंबईतही हाच पेच होता. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना येथील युरोपीय लॉजने प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांनी स्कॉटिश सनदेखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही एतद्देशीयांना प्रवेश देणारी लॉज काढली. स्वतंत्र भारतीय ग्रँड लॉज १९६१ मध्ये आली. काही जुन्या लॉजनी मात्र इंग्लिश, स्कॉटिश किंवा आयरिश सनदच कायम ठेवली. भारतीय लॉजच्या वेदीवर बायबलसोबत गीता, कुराण, अवेस्ता असे ग्रंथही ठेवले जातात.