मानवी अस्तित्व : नियती, यदृच्छा आणि अर्थ

माणूस जगात आहे तो काही हेतूने, आधीच ठरल्याप्रमाणे, की निव्वळ योगायोगाने, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. वरवर एक दिसला तरी त्यात दोन प्रश्नांची गाठ बसलेली आहे. एक कारणाचा : माणूस घडला तो अटळपणे की घडता घडता घडला? दुसरा मोलाचा : त्याच्या असण्याला काही अर्थ आहे का? ‘ठरलेले असेल तर अर्थ आहे, योगायोग असेल तर नाही’ अशी समजूत सर्रास आढळते. ती दोन्हीकडून लंगडी आहे.

कारणांची एक प्राचीन यादी श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच येते : काल, स्वभाव, नियती, यदृच्छा (योगायोग), भूते (पंचमहाभूते), योनी (उगमस्थान), पुरुष (आत्मा). उपनिषदाला स्वतःला ही उत्तरे पुरेशी वाटत नाहीत. पण ती मानणारे लोक तेव्हा होते, एवढे त्यावरून कळते. यांतली नियती मराठीत घरची झाली. यदृच्छा मात्र ‘यदृच्छया’ या रूपात लेखी भाषेच्या कोपऱ्यात राहिली आणि तिचे काम ‘योगायोग’ करू लागला.

नियतीवादाचे, म्हणजे सगळे आधीच ठरलेले आहे या मताचे, सर्वांत टोकाचे रूप प्राचीन भारतातील आजीवक या संन्यासी पंथाच्या मक्खली गोशालाचे. तो बुद्ध-महावीरांचा समकालीन. त्याचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत. जे कळते ते विरोधकांच्या लिखाणातून, त्यामुळे जपूनच वाचावे लागते. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातील सामञ्ञफलसुत्तात त्याच्या तोंडी सुताच्या गुंडीचा दृष्टांत आहे. गुंडी फेकली की ती सूत संपेपर्यंत उलगडत जाते. तसा मूर्ख काय आणि शहाणा काय, दोघेही ८४ लाख महाकल्प (अतिप्रदीर्घ युगे) फिरून मगच दुःखाच्या अंताला पोचतात. पुण्याने फेरा घटत नाही, पापाने वाढत नाही. प्रयत्न व्यर्थ मानणारे हेच आजीवक स्वतः कडक तपस्या करत. त्यांना विचारले असते तर ‘तीही ठरलेलीच’ असे म्हणाले असते बहुधा. या मताला बिनतोड करणारी गोष्ट हीच आणि पोकळ करणारीही हीच.

कर्मसिद्धान्ताला अनेकदा नियतीवाद समजले जाते. पण दोन्ही एक नव्हेत; नियतीवादी गोशालाने तर कर्माचे फळच नाकारले होते. संचित (साठलेले कर्म), प्रारब्ध (फळ देऊ लागलेले) आणि क्रियमाण (आता घडत असलेले) या वाटणीत सुटलेल्या बाणासारखे आहे ते फक्त प्रारब्ध. क्रियमाण अजून हातात असते. ‘सगळे पूर्वकर्मामुळे’, ‘सगळे ईश्वराच्या इच्छेने’ आणि ‘सगळे विनाकारण’ ही तिन्ही मते बुद्धाने एकाच कारणासाठी नाकारली : त्यांपैकी कोणतेही मानले तरी माणसाला काही करावे किंवा करू नये असे म्हणायला जागा उरत नाही.

सगळे विश्व नियतीने बांधलेले मानणाऱ्या ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांपुढे हाच आक्षेप ‘आळशाचा युक्तिवाद’ म्हणून आला. बरे होणे नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय आणि न बोलावला काय? म्हणजे आपले ‘असेल हरी तर देईल खाटल्यावरी’. त्यांच्यातील क्रिसिपसचे उत्तर असे की बरे होणे ठरले असेल, तर वैद्याला बोलावणेही त्याच्याबरोबरच ठरलेले असते. एक उचलून दुसरे सोडता येत नाही. पुढे ख्रिस्ती धर्मात सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनने उद्धार कोणाचा होणार हे ईश्वराने आधीच ठरवले आहे असे मांडले. इस्लाममध्ये कदरिया (माणसाला स्वातंत्र्य आहे म्हणणारे) आणि जबरिया (ते नाही म्हणणारे) यांचा वाद याच मुद्द्यावर झडला. १८१४ मध्ये फ्रेंच गणिती लाप्लासने ईश्वर बाजूला ठेवून तीच अटळता भौतिकीच्या भाषेत सांगितली : एका क्षणी विश्वातील सर्व बले आणि प्रत्येक वस्तूचे स्थान जाणणाऱ्या बुद्धीला भूत-भविष्य सारखेच दिसेल. विसाव्या शतकातील पुंजभौतिकीने (क्वांटम भौतिकीने) या चित्राला तडा दिला, असे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ मानतात. पण अणूच्या पातळीवरच्या अनिश्चिततेतून माणसाचे स्वातंत्र्य निघते असे सांगणाऱ्यांनी घाई केली आहे. फाशाने घेतलेला निर्णयही आपला नसतोच.

यदृच्छा म्हणजे कारणाचा अभाव नव्हे. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ यात कावळा बसण्यालाही कारण असते आणि फांदी तुटण्यालाही; दोघांची गाठ पडण्यालाच वेगळे कारण नसते. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. फ्रेंच गणिती कूर्नो याने १८४३ मध्ये योगायोगाची व्याख्या हीच केली : परस्परांशी संबंध नसलेल्या दोन कारणमालिका एके ठिकाणी छेदणे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर आदळलेला लघुग्रह आपल्या कक्षेत नियमानेच फिरत होता, डायनोसॉरही आपल्या जागी नियमानेच वाढत होते. त्या छेदानंतर सस्तन प्राण्यांना मोकळीक मिळाली आणि त्यांच्या एका फांदीवर पुढे माणूस आला.

व्यक्तीपुरते बोलायचे तर आकडे आणखी चक्रावणारे आहेत. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत जाते, म्हणून एका पालकाकडून ८३,८८,६०८ जुळण्या संभवतात. (चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी हा आकडा जवळजवळ जुळतो, काकतालीय न्यायाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.) दोन्ही पालक मिळून सुमारे ७० लाख कोटी, आणि यात गुणसूत्रांमधली अदलाबदल धरलेलीच नाही. यावरून ‘मी जन्मलो हा चमत्कार’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण पत्त्यांचा कॅट पिसला की येणारा कुठलाही क्रम असाच दुर्मीळ असतो, आणि कोणता तरी क्रम येतोच.

जीवसृष्टीची फीत मागे नेऊन पुन्हा चालवली तर माणूस पुन्हा येईल का? पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८९ मध्ये याला ‘जवळजवळ नक्कीच नाही’ असे उत्तर दिले. दुसरे पुराजीवशास्त्रज्ञ सायमन कॉनवे मॉरिस यांचे मत उलट : ऑक्टोपसचा आणि आपला डोळा स्वतंत्रपणे घडूनही एकाच धाटणीचा झाला, तशी बुद्धीही कुठून तरी आलीच असती. हा वाद नुसता शाब्दिक राहिला नाही, तो जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगामुळे. १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या बारा सारख्याच वसाहती बारा चंबूंत सुरू केल्या. रोज प्रत्येक चंबूतला शंभरावा हिस्सा ताज्या द्रवात घालायचा आणि दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. द्रवात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) भरपूर असे, पण ऑक्सिजन असताना ते खाणे या जिवाणूंना जमत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका चंबूतला द्रव नेहमीपेक्षा गढूळ दिसला. तिथल्या जिवाणूंना सायट्रेट खाता येऊ लागले होते. मग त्याच वसाहतीचे जुने गोठवलेले नमुने जिवंत करून फीत खरोखरच पुन्हा चालवली. ही करामत पुन्हा साधली ती मुख्यतः २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांना; त्याआधीच्यांना नाही. म्हणजे आधी काही बदल योगायोगाने साठले होते आणि त्यांच्यावाचून पुढचा बदल येणार नव्हता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने पारडे गूल्डच्या बाजूला थोडे झुकते, पण चंबू म्हणजे पृथ्वी नव्हे. शिवाय इतर अनेक बाबतींत बाराही वसाहती सारख्याच दिशेने बदलल्या होत्या.

यातले काहीही मोलाचा प्रश्न सोडवत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी १९७१ मध्ये विचारले होते की, माणसांना दुसऱ्या कुठल्या जीवांचे खाद्य म्हणूनच वाढवले जात आहे असे उद्या कळले, तर आयुष्याला अर्थ आला असे वाटेल का? हेतू आहे, ठरलेलाही आहे, तरी आपल्याला तो उपयोगाचा नाही. उलट बाजूने, फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या मते माणूस आधी असतो आणि काय व्हायचे ते नंतर ठरवतो. नेमून दिलेल्या हेतूचा अभाव त्याला अर्थाची उणीव वाटत नाही, जबाबदारीचे ओझे वाटते.

‘एवढ्या विश्वात आपण धुळीचा कण’ हा आकाराचा युक्तिवाद त्या मानाने कच्चा आहे. माणूस आकाशगंगेएवढा असता तर त्याचे दुःख अधिक महत्त्वाचे ठरले असते, असे कोणी म्हणत नाही. तिथे खरा मुद्दा एकटेपणाचा. मोल जाणणारे इतर कोणी विश्वात नसेल तर माणसाचे महत्त्व वाढते. ठिकठिकाणी असतील तर तो अनेकांतला एक. आजवर जीवसृष्टी सापडली आहे ती एकाच ग्रहावर, आणि एका नमुन्यावरून संभाव्यता काढता येत नाही.