कॉल ट्रान्सफरमधील बिघाड

कार्यालयातील दूरध्वनी यंत्रणेत चालू कॉल एका एक्स्टेंशनवरून दुसरीकडे जोडून देताना तो तुटणे, फिरून परत येणे, होल्डवर अडकून पडणे किंवा जोडला जाऊनही आवाज न येणे, या सर्वांना मिळून कॉल ट्रान्सफरमधील बिघाड म्हणतात. तक्रार मात्र बहुधा एकाच वाक्यात येते : ‘ट्रान्सफर होत नाही.’ या वाक्यावरून निदान करणे जवळजवळ अशक्य असते. कोणाला काय ऐकू आले आणि नेमके कितव्या सेकंदाला आले, हे विचारल्याशिवाय शोध सुरूच होत नाही.

ट्रान्सफरमध्ये तीन माणसे असतात. एक फोन करणारा, दुसरा तो उचलून पुढे देणारा मधला, आणि तिसरा ज्याच्याकडे द्यायचा तो पुढचा. त्यांच्या लेखी हा एकच कॉल असला, तरी यंत्रणेच्या लेखी तसे नसते. पहिला कॉल होल्डवर जातो, दुसरा कॉल नव्याने लागतो, मग दोन्हींची बाहेरची टोके एकमेकांना जोडली जातात आणि शेवटी मधला बाहेर पडतो. या चारपैकी कुठली पायरी चुकली हे कळले, की अर्धे काम झाले असे समजायला हरकत नाही.

प्रकार : मधला माणूस पुढच्याशी न बोलता क्रमांक दाबून मोकळा होतो, त्याला ब्लाइंड ट्रान्सफर म्हणतात. आधी पुढच्याशी बोलून, ‘अमुक यांचा फोन आहे, देऊ का?’ असे विचारून मग जोडून देणे म्हणजे अटेंडेड ट्रान्सफर. तिसरा प्रकार या दोन्हींच्या मधला आहे : पुढच्याकडे घंटी वाजत असतानाच, त्याने उचलण्याआधी, रिसीव्हर ठेवून देणे. घाईच्या वेळी लोक सहज हेच करतात आणि तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अवघड प्रकार नेमका हाच आहे. त्याचे कारण पुढे येईल. एक प्रकार चालतो आणि दुसरा चालत नाही, एवढी माहितीसुद्धा तपासाला मोठी दिशा देते.

ॲनालॉग फोन : जुन्या दोनतारी फोनवर ट्रान्सफरची सुरुवात ‘फ्लॅश’ने होते. लाइन क्षणभर तोडायची आणि पुन्हा जोडायची, एवढाच तो संकेत. खरी अडचण हा क्षण किती लांब असावा याची आहे. तबकडीच्या फोनवर आकडा फिरवला की सेकंदाला सुमारे १० या वेगाने लाइन तुटते-जुळते आणि प्रत्येक खंड साधारण ६० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे फार लहान फ्लॅश यंत्रणेला ‘१’ हा आकडा वाटू शकतो, आणि फार लांब फ्लॅश म्हणजे रिसीव्हर ठेवला असा अर्थ होऊन कॉल कापला जातो. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या यंत्रणा साधारण ३०० मिलिसेकंद ते १ सेकंदाच्या खंडाला फ्लॅश मानतात. युरोपातील अनेक देशांत तो सुमारे १०० मिलिसेकंदांचा असतो. एका पद्धतीचा फोन दुसऱ्या पद्धतीच्या ईपीएबीएक्सला (कार्यालयातले कॉल जोडणाऱ्या यंत्राला) लावला, तर दोन्ही उपकरणे निर्दोष असूनही ट्रान्सफर कधीच होत नाही. अशा वेळी फोन बदलत बसण्यापेक्षा फोनमधील किंवा ईपीएबीएक्समधील फ्लॅशची वेळ जुळवणे शहाणपणाचे. हुकाची कळ बोटाने दाबून फ्लॅश देण्याची सवय असलेल्यांच्या हाताचा वेग रोज सारखा नसतो; ‘कधी होते, कधी होत नाही’ या तक्रारीचे मूळ तिथे असू शकते. फोनवरील फ्लॅशचे बटण ठरावीक लांबीचाच खंड देते. काही जुन्या यंत्रणांना खंड नकोच असतो. एक तार क्षणभर जमिनीला जोडणारे बटण लागते. तिथे साध्या फोनचा फ्लॅश कितीही वेळा दाबला तरी काही होत नाही.

परवानगी आणि क्रमांक : बिघाड म्हणून नोंदवलेली पुष्कळ प्रकरणे प्रत्यक्षात परवानगीची असतात. मधल्याला स्वतः जो क्रमांक लावता येत नाही, तो तो ट्रान्सफरनेही देऊ शकत नाही, असा साधारण नियम. पण ही परवानगी कोणाच्या नावे तपासायची, मधल्याच्या की मूळ फोन करणाऱ्याच्या, हे यंत्रणेगणिक बदलते. दुसरा पर्याय लागू असेल तर एक विचित्र दृश्य दिसते : मधला स्वतः थेट फोन लावतो तेव्हा लागतो आणि त्याच क्रमांकावर ट्रान्सफर केले की तुटतो. अ‍ॅस्टेरिस्क या ईपीएबीएक्सचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर ट्रान्सफर झालेला कॉल कोणत्या संदर्भात, म्हणजे क्रमांकांच्या कोणत्या नियमसंचात, क्रमांक शोधेल हे ठरवण्यासाठी वेगळे चलच आहे, आणि कॉल लावण्याच्या आज्ञेत लहान टी व मोठा टी हे दोन पर्याय आहेत. पहिला कॉल घेणाऱ्याला ट्रान्सफरची मुभा देतो, दुसरा कॉल करणाऱ्याला. लहान टीच्या जागी मोठा टी पडला की आलेले कॉल ट्रान्सफर होत नाहीत, पण केलेले होतात. बाहेरच्या लाइनसाठी लागणारा आरंभीचा आकडा विसरणे किंवा फोनच्या यादीत तो न साठवणे, हेही नेहमीचेच.

याच यंत्रणेत ट्रान्सफरसाठी चौकटीची (#) कळ नेमलेली असेल तर उलट दिशेचा घोटाळा होतो. कर्मचारी दुसऱ्या संस्थेच्या स्वयंचलित उत्तरयंत्रणेत खाते क्रमांक टाकून शेवटी चौकट दाबतो आणि त्याचीच यंत्रणा त्याला विचारते की कॉल कुठे पाठवायचा! कळ बदलून दोन चिन्हांची जोडी ठेवली की हा त्रास बहुतांशी संपतो. कळांचे सूर नेमके उलट, म्हणजे पोहोचतच नाहीत असे होत असेल, तर दोन्ही बाजूंची पद्धत तपासावी. आवाजातच सूर मिसळणे, आरएफसी ४७३३ प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) वेगळी पॅकेटे पाठवणे आणि कॉलच्या संकेतांतील ‘इन्फो’ नावाच्या संदेशातून पाठवणे अशा तीन पद्धती प्रचलित आहेत. एक बाजू एका पद्धतीने पाठवते आणि दुसरी वेगळ्या पद्धतीची वाट पाहते, असे झाले की ट्रान्सफरची कळ हवेत विरते.

एसआयपी यंत्रणेतील ट्रान्सफर : इंटरनेट तंत्रावर चालणारे बहुतेक कार्यालयीन फोन आज एसआयपी ही कॉल जोडण्या-तोडण्याची संदेशपद्धत वापरतात. तिची आजची मुख्य व्याख्या २००२ सालच्या आरएफसी ३२६१ मध्ये आहे, पण ट्रान्सफर तीत नाही. ते २००३ मधील आरएफसी ३५१५ ने आणलेल्या ‘रेफर’ या संदेशावर चालते. मधल्याचा फोन रेफर पाठवतो. त्याचा अर्थ ‘आता तू अमुक क्रमांकाला स्वतः फोन लाव’. समोरून २०२ हे उत्तर येते. येथे मोठा गैरसमज होतो. २०२ म्हणजे विनंती स्वीकारली, ट्रान्सफर झाले असे नव्हे. खरा निकाल नंतर ‘नोटिफाय’ संदेशांतून येतो : आधी १०० म्हणजे प्रयत्न चालू, मग २०० म्हणजे जोडले गेले, किंवा ४८६ म्हणजे पुढचा व्यग्र, ४०४ म्हणजे असा क्रमांकच नाही, ४०३ म्हणजे मनाई. अनेक फोन २०२ मिळताच ‘ट्रान्सफर झाले’ दाखवून मोकळे होतात. अपयशाची बातमी येते तोवर ऐकायला तिथे कोणी नसते. मधला शपथेवर सांगतो की मी बरोबर दिला, फोन करणारा सांगतो की कॉल कट झाला, आणि दोघेही खरे बोलत असतात.

अटेंडेड ट्रान्सफरमध्ये रेफरच्या आत ‘रिप्लेसेस’ ही ओळ असते. २००४ च्या आरएफसी ३८९१ ने ती ठरवली. मधला आणि पुढचा यांच्यात चालू असलेल्या संवादाची ओळखखूण त्यात असते आणि नवा कॉल त्या संवादाची जागा घेतो. खूण जुळली नाही, की ४८१ हे उत्तर येते : असा कॉल अस्तित्वात नाही. वाटेत एखादे सीमा-नियंत्रक उपकरण (दोन जाळ्यांच्या सीमेवर बसून कॉल पुढे देणारे) कॉलच्या खुणा बदलत असेल, तर मधल्याच्या फोनला माहीत असलेली खूण पलीकडे कोणालाच ओळखू येत नाही. म्हणून ब्लाइंड चालते आणि अटेंडेड चालत नाही, असे दिसले की पहिला संशय त्या उपकरणावर घ्यावा.

घंटी वाजत असताना फोन ठेवून देण्याची अडचणही याच नियमात आहे. पुढच्याने अजून उचलले नसेल तर तो संवाद अपुरा असतो, आणि दुसऱ्याने सुरू केलेल्या अपुऱ्या संवादाची जागा घेण्याची विनंती फोनने ४८१ देऊन नाकारावी असे आरएफसी ३८९१ स्पष्ट सांगते. तरीही बऱ्याच कार्यालयांत हे बिनबोभाट चालते. कारण तिथे मधली यंत्रणा दोन्ही कॉल स्वतःच्या हाती ठेवून आतल्या आत जोडणी करते. यंत्रणा बदलली आणि ‘पूर्वी चालायचे, आता चालत नाही’ अशी तक्रार आली, तर हा फरक आधी आठवावा.

ट्रान्सफरमुळेच उघडकीस येणारा आणखी एक दोष संदेशाच्या आकाराचा आहे. रिप्लेसेस, पाठवणाऱ्याची ओळख, सुरक्षेच्या ओळी आणि कोडेकची, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतींची, लांबलचक यादी मिळून संदेश फुगतो. वाटेची क्षमता माहीत नसेल तर १३०० बाइटांपेक्षा मोठ्या संदेशासाठी यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत) वापरू नये, असे एसआयपीचा नियम सांगतो. तो न पाळल्यास पॅकेटचे तुकडे होतात आणि एखादी फायरवॉल ते टाकून देते. साधे कॉल उत्तम, फक्त ट्रान्सफर मुके! टीसीपी ही पोच घेऊन पाठवण्याची पद्धत वापरणे किंवा नको असलेले कोडेक यादीतून काढणे, हा उपाय. राउटरमधील एसआयपी एएलजी ही सोयही मदतीच्या नावाखाली संदेशांतील पत्ते अनेकदा चुकीचे बदलते. ती बंद करून पाहणे हा तपासातील ठरलेला टप्पा झाला आहे.

जोडले, पण आवाज नाही : आधीच्या दोन कॉलांचे कोडेक वेगळे असू शकतात, एक ६४ केबीपीएसचा जी.७११ आणि दुसरा ८ केबीपीएसचा जी.७२९. जोडताना एकमत व्हायला हवे किंवा यंत्रणेने भाषांतर करायला हवे. दोन्ही जमले नाही तर ४८८ (हे इथे चालणार नाही) असे उत्तर येऊन कॉल तुटतो. संकेत यशस्वी पण दोन्हीकडे शांतता असेल, तर होल्ड उठलाच नाही, ही शक्यता मोठी. एकाच बाजूला आवाज येत असेल तर दोष बहुधा पत्त्यात असतो : ट्रान्सफरनंतर आवाज सर्व्हरला वगळून थेट फोन ते फोन जाऊ लागतो आणि एका फोनला दुसऱ्याच्या खासगी जाळ्यातील पत्ता गाठता येत नाही. थेट आवाजाची सोय तात्पुरती बंद करावी. आवाज आला, तर ट्रान्सफरच्या मांडणीत वेळ न घालवता जाळ्याकडे वळावे.

घड्याळ : कॉल कधी तुटतो यासारखा पुरावा नाही, आणि तो फुकट मिळतो. क्रमांक दाबताच तुटला तर परवानगी, क्रमांक किंवा रेफर नाकारणारी बाजू. जोडल्यावर बरोबर ३२ सेकंदांनी तुटला, तर उचलल्याची पोच देणारा ‘ॲक’ हरवला आहे; एसआयपीचा ५०० मिलिसेकंदांचा मूळ काळ ६४ पट झाला की फोन वाट पाहणे सोडतो. १५ किंवा ३० मिनिटांनी तुटला तर सत्र-कालमापक, म्हणजे कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारे घड्याळ, पाहावा. आरएफसी ४०२८ मध्ये १८०० सेकंद हे सुचवलेले मूल्य आहे आणि निम्म्या वेळात नूतनीकरणाचा संदेश जातो. ट्रान्सफरनंतर तो जुन्या पत्त्यावर गेला, की चांगला चाललेला कॉल मध्येच संपतो. आणि ठरावीक घंट्यांनंतर कॉल मधल्याकडे परत येत असेल तर तो बिघाडच नाही. न उचललेला कॉल परत आणण्याची ती सोय आहे. तिची वेळ पुढच्याच्या व्हॉइसमेलच्या वेळेपेक्षा जास्त ठेवली, तर मात्र कॉल परत न येता व्हॉइसमेलमध्ये जातो.

बाहेरून आलेला कॉल बाहेरच देणे : इथे सर्वाधिक अडथळे येतात. अनेक सेवादाते रेफर स्वीकारत नाहीत. मग यंत्रणेला दोन्ही कॉल स्वतःकडे धरून ठेवावे लागतात आणि एका संभाषणामागे दोन चॅनेल अडकतात. गर्दीच्या वेळीच ट्रान्सफर फसते याचे कारण अनेकदा एवढेच असते. पुढे जाणाऱ्या कॉलवर मूळ फोन करणाऱ्याचा क्रमांक दाखवला, तर तो आपल्या ग्राहकाचा नाही म्हणून सेवादाता ४०३ देऊ शकतो. ॲनालॉग ट्रंकवर, म्हणजे एक्स्चेंजकडून येणाऱ्या बाहेरच्या लाइनवर, वेगळेच संकट असते : दोन्ही बाहेरच्या माणसांनी फोन ठेवला तरी एक्स्चेंजकडून तशी खूण आली नाही, तर दोन्ही लाइन अडकून राहतात. या कारणाने, आणि फसवणुकीच्या भीतीने, अनेक यंत्रणांत ट्रंक ते ट्रंक ट्रान्सफर मुळातच बंद असते. स्वतःला दूरध्वनी खात्याचा तंत्रज्ञ म्हणवणारा कोणी बाहेरच्या लाइनचा आरंभीचा आकडा दाबून कॉल सोडून द्यायला सांगतो, आणि कार्यालयाच्या बिलावर महागडे कॉल करतो, हा जुना डाव आहे. हे बंधन सरसकट उठवण्यापेक्षा नेमक्या एक्स्टेंशनांना आणि नेमक्या क्रमांकांपुरतेच सैल करावे.

शोधाची रीत : तीन फोन आतलेच घेऊन सुरुवात करावी. आतून आत ब्लाइंड, मग अटेंडेड. ते जमल्यावर फोन करणारा बाहेरचा, नंतर पुढचा बाहेरचा, आणि शेवटी घरून किंवा दुसऱ्या शाखेतून जोडलेला फोन. एका वेळी एकच टोक बदलायचे. तक्रार करणाऱ्याला कळा दाबताना प्रत्यक्ष पाहणे मात्र कोणत्याही चाचणीआधी. काही फोनांवर ट्रान्सफरची कळ दुसऱ्यांदा दाबावी लागते, काहींवर रिसीव्हर ठेवला की जोडणी होते, आणि ही दुसरी सोय बंद असेल तर रिसीव्हर ठेवल्यावर मूळ फोन करणारा होल्डचे संगीत ऐकत राहतो.

मग संदेशांची नोंद पाहावी. एसएनग्रेप किंवा वायरशार्क यांसारखी साधने एका कॉलचे सर्व संदेश शिडीच्या आकृतीत दाखवतात. तीत रेफर शोधावा. तो निघालाच नसेल तर दोष फोनचा, कळांचा किंवा सुरांचा. निघून नाकारला गेला असेल तर उत्तराचा आकडाच कारण सांगतो. स्वीकारला गेला असेल तर नोटिफायमधील शेवटची ओळ वाचावी. संदेश टीएलएसने (संदेश गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीने) गुंडाळलेले असतील तर वाटेत टिपून उपयोग नाही, सर्व्हरच्या आतली नोंद घ्यावी लागते. आवाजाची पॅकेटे टिपली तर संभाषणही साठते. तपासाला संकेतांचे संदेश पुरत असतील तिथे तेवढेच घ्यावेत.

सेवादात्याकडे तक्रार देताना दोन्ही कॉलांच्या ओळखखुणा, सेकंदापर्यंतची वेळ आणि वेळेचा विभाग लिहावा. ‘ट्रान्सफर होत नाही’ एवढेच लिहिलेली तक्रार पहिला प्रश्न विचारून परत येते. उत्तर येईपर्यंत कॉल पार्कची सोय काम भागवते : कॉल एका ठरावीक क्रमांकावर ठेवायचा आणि पुढच्याने त्याच्या फोनवरून तो क्रमांक दाबून उचलायचा. त्यात मधल्याच्या फोनने पुढच्याला जोडून द्यायचा प्रश्नच येत नाही.