बोटीच्या केबिनमधील कापडी अस्तराचे डाग

बोटीच्या केबिनमध्ये छताला आणि बाजूच्या भिंतींना आतून जे कापड किंवा फोम लावलेले व्हिनाइल बसवतात, त्याला अस्तर म्हणतात. छताच्या अस्तराला ‘हेडलायनर’ हा शब्द रूढ आहे. फायबरग्लासची खडबडीत आतली बाजू, वायरी आणि बोल्टची टोके त्यामुळे झाकली जातात, आवाज आणि उष्णता कमी होते, थंड पृष्ठभागावर धरणारे पाणी अंगावर ठिबकत नाही. जुन्या बोटींत अस्तर एकतर थेट फायबरग्लासवर चिकटवलेले असते, नाहीतर पातळ प्लायवूडच्या फळ्यांवर ताणून मागून स्टेपल मारलेले असते. फळ्या बहुधा कडेच्या लाकडी पट्ट्या आणि स्क्रू काढले की सुटतात. मागे पेन्सिलने क्रमांक आणि दिशा लिहून त्या बाहेर नेणे केव्हाही चांगले, कारण आडव्या फळीवर पाणी आणि औषध दोन्ही ताब्यात राहतात. चिकटवलेल्या अस्तराला जागेवरच हात घालावा लागतो आणि तिथे चूक महाग पडते.

हे डाग बऱ्याचदा मागून आलेले असतात, म्हणून पुढून कितीही पुसले तरी ते परत दिसतात. चहाच्या रंगाचे, गडद कडा असलेले वर्तुळ म्हणजे डेकमधून किंवा खिडकीच्या चौकटीतून झिरपलेले पाणी (डेक म्हणजे केबिनच्या वरचा, बोटीचा उघडा पृष्ठभाग); वाटेत प्लायवूड किंवा डेकच्या गाभ्यातले बाल्सा हे हलके लाकूड भिजून त्यातले टॅनिन, म्हणजे लाकडातले तपकिरी रंग देणारे द्रव्य, पाण्यात उतरते. ठरावीक अंतरावर नारिंगी ठिपके असतील तर आतले लोखंडी स्टेपल गंजले आहेत. कोपऱ्यात आणि कपाटांच्या मागे, जिथे हवा फिरत नाही, तिथले काळे ठिपके बुरशीचे. स्टोव्हच्या वर पसरलेला पिवळसर थर तेलकट धुराचा. व्हिनाइलवरचे गुलाबी डाग मात्र सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या रंगाचे असतात. हा रंग व्हिनाइलच्या आतच मुरतो आणि कोणत्याही साबणाने निघत नाही.

डागाच्या बरोबर वरच गळती असेल असे धरून चालू नये. पाणी डेक आणि अस्तर यांच्या मधून उतारावर वाहत जाते आणि सखल जागी कापडात उतरते. अस्तराची कड सोडवून आतल्या बोल्टांभोवती टिश्यू पेपर चिकटवावा, एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावे. सुरुवात खालच्या जागेपासून, एका वेळी एकच फिटिंग (डेकवर बोल्टने बसवलेला भाग), प्रत्येकी 10 मिनिटे. वरून सुरुवात केली तर वाहते पाणी सगळीकडे पोहोचते आणि काहीच कळत नाही. गळती बंद करून लाकूड वाळल्याशिवाय डागाला हात लावू नये; पहिल्या पावसात तो परत येतो.

त्यानंतर फोमची तपासणी. अस्तर बोटाने दाबून सोडावे. ते लगेच उसळून आले तर फोम ठीक आहे. दाबल्यावर करकरले, खळगा तसाच राहिला किंवा कडेतून पिवळट-तपकिरी भुकटी गळली तर पॉलियुरेथेन फोम ओल आणि उष्णतेने विघटित झाला आहे. असे अस्तर ओले केले की कापड लोंबते. ते धुण्यात वेळ घालवू नये, बदलावे.

कापड कोणते हे ठाऊक नसेल तर आतल्या कडेचा एक धागा काढून बोटीबाहेर, चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, सुती धागा कागदासारखी राख सोडतो, पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून कडक गोळी होते.

सफाईची सुरुवात कोरडी करावी. मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर फिरवावा. जास्त ओढ दिली तर जुना गोंद सुटून कापड फुगते. बुरशी असेल तर एन-95 मास्क हवा, कोरड्या ब्रशने घासणे टाळावे आणि व्हॅक्यूमला हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर असावा, नाहीतर बीजाणू केबिनभर उडतात. कोणतेही औषध आधी कपाटातल्या झाकलेल्या जागी लावावे, पांढरे कापड पाच मिनिटे दाबून रंग सुटतो का ते पाहावे आणि निर्णय जागा पूर्ण वाळल्यावरच घ्यावा.

साधा मळ काढायला 1 लिटर कोमट पाण्यात एक चमचा बिनरंगी भांड्यांचा साबण घालून भरपूर फेस करावा. स्पंजवर पाणी न घेता फक्त फेस घ्यावा. फवारा कापडाच्या बोळ्यावर मारावा, छतावर नाही. छतावर मारलेले पाणी फोममध्ये शिरून उतारावर साचते, शिवाय डोळ्यांत पडते. चष्मा घालूनच काम करावे. चोळू नये, टिपावे. नेमक्या डागापुरते ओले करणे ही नेहमीची चूक. कापड वाळताना आतले पाणी पृष्ठभागाकडे आणि ओल्या भागाच्या कडेकडे सरकते, बरोबर विरघळलेला मळ नेते आणि तिथे नवे वर्तुळ उमटते. म्हणून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सगळा तुकडा एकसारखा हलका ओला करावा, दोनदा गोड्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने साबण उचलावा आणि लगेच पंखा लावावा. समुद्राचे पाणी लागलेल्या अस्तराला हे गोडे पाणी आवश्यकच आहे, कारण राहिलेले मीठ हवेतली ओल ओढत राहते.

टॅनिनच्या तपकिरी डागावर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावून 15 ते 20 मिनिटांनी टिपावे. गरजेप्रमाणे दोन-तीनदा करावे. गंजावर मात्र पेरॉक्साइड किंवा क्लोरिन ब्लीच कधीही लावू नये. लोखंडाच्या सान्निध्यात पेरॉक्साइड धागाच खाते आणि ब्लीचने गंज पक्का होतो. आधी स्टेपल काढून स्टेनलेस स्टीलचे मारावेत, मग 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक आम्लाचे द्रावण ठिपक्यावर 10 मिनिटे ठेवून नीट धुवावे. ऑक्झॅलिक आम्ल जास्त प्रभावी आहे, 1 लिटरला 20 ग्रॅम पुरते, पण ते विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा हवाच.

बुरशीला पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, किंवा 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोल ज्वलनशील आहे, त्यामुळे स्टोव्ह, इंजिन आणि ठिणगी पडेल अशी उपकरणे बंद आणि डेकवरची सगळी झाकणे उघडी ठेवूनच ते वापरावे. क्लोरिन ब्लीचने काळेपणा फिका होतो, पण नायलॉन, लोकर आणि शिवणीचा दोरा कमकुवत होतो, फोम पिवळा पडतो. ते व्हिनेगर किंवा अमोनियाशी मिसळले तर विषारी वायू तयार होतो आणि बंद केबिनमध्ये हा धोका जिवावर बेतू शकतो. अॅसिटोन, पेट्रोल आणि थिनर गोंद व व्हिनाइल विरघळवतात. वाफेचे यंत्रही चिकटवलेल्या अस्तरावर वापरू नये. गोंद मऊ होऊन कापड सुटते. जुन्या गोंदाचे पिवळे पट्टे कापडातून वर आले असतील तर त्यावर उपाय नाही.

काही अस्तरांवर आग रोखणारे औषध लावलेले असते आणि त्यातले पाण्यात विरघळणारे प्रकार धुण्याने निघून जातात. स्टोव्हजवळच्या तुकड्याबाबत हे ध्यानात ठेवावे.

ओले अस्तर 24 ते 48 तासांत मागच्या बाजूसकट वाळले पाहिजे, नाहीतर बुरशी पुन्हा धरते. केबिनमधली आर्द्रता 60 टक्क्यांखाली राहील असे पाहावे. फळी परत बसवताना वरच्या आणि खालच्या कडेला बोटभर फट सोडली तर मागे हवा खेळती राहते, आणि पुढच्या वेळी गळती झालीच तर पाणी कापडात मुरण्याआधी खालच्या कडेला दिसते.