२० टक्के मतं, पण ताकद किती? जर्मनीतलं बहुमताचं गणित आणि नाटोचे पैसे

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. जर्मनीत २०२५ च्या निवडणुकीत २० टक्के मतं घेऊन दुसऱ्या नंबरवर आलेला पक्ष विरोधात बसलाय आणि १६ टक्केवाला सत्तेत, ही कसली लोकशाही, असा त्याचा सूर. मामांना जर्मनीचं एवढं पडलंय कारण त्यांची मुलगी ठमी स्टुटगार्टला असते, तिने जर्मन पासपोर्ट घेतला आणि या वेळी पहिल्यांदा मत दिलं. मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते एवढं लांबलं की ग्रुपवर टाकायची लाज वाटली, म्हणून इथे लिहितोय.

गैरसमज असा आहे की जितके टक्के मतं तितकी ताकद. शाळेत टक्केवारी शिकतो ना आपण, त्यामुळे ते बरोबरच वाटतं. पण आधी मतांच्या जागा होतात आणि मग जागांची ताकद होते, आणि या दोन्ही पायऱ्यांवर गणित वेडंवाकडं वळतं.

पहिली पायरी पटकन उरकतो. २३ फेब्रुवारी २०२५ ला मतदान झालं. सीडीयू-सीएसयू (परंपरावादी पक्षांची जोडी, पुढे कुठेकुठे नुसतं सीडीयू म्हणतो) २८.५ टक्के, एएफडी (कडवे उजवे) २०.८, एसपीडी (मध्यम डावे) १६.४, ग्रीन्स (पर्यावरणवादी) ११.६, डी लिंके (कडवे डावे) ८.८. जर्मनीत ५ टक्क्यांची चाळणी आहे, त्याखाली राहिलात (आणि तीन मतदारसंघही थेट जिंकले नाहीत) तर बुंडेस्टागमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, एकही जागा नाही. सारा वागेनक्नेश्त यांचा बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला. जवळपास ५ कोटी मतांमध्ये साडेनऊ हजार मतं कमी पडली! आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेच्या दोन-तीन वॉर्डांत एवढी मतं असतात. चाळणीखाली गेलेली सगळी मतं मिळून जवळपास १४ टक्के होतात, ती हिशोबातून उडाली आणि उरलेल्यांत ६३० जागा वाटल्या गेल्या, म्हणून सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी यांची मतं मिळून ४५ टक्के असूनही जागा ३२८, म्हणजे ५२ टक्के. बहुमताला ३१६ लागतात. बीएसडब्ल्यू आत आला असता तर या दोघांच्या जागा ३१० च्या आसपास आल्या असत्या, म्हणजे बहुमत गेलंच. आणि हा पक्ष युक्रेनला शस्त्रं द्यायच्या विरोधात, अमेरिकेची मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं जर्मनीत आणायच्याही विरोधात. त्यांनी पुनर्मोजणी मागितली ती उगाच नाही.

आता माझा आवडता भाग, ताकद मोजायची कशी.

१९६५ साली जॉन बांझाफ नावाच्या अमेरिकन वकिलाने न्यूयॉर्क राज्यातल्या नॅसॉ काउंटीचं बोर्ड तपासलं. तिथे सहा सदस्य, त्यांच्या मतांचं वजन ३१, ३१, २८, २१, २, २. बेरीज ११५, ठराव पास व्हायला ५८ हवीत. आता बघा, पहिल्या तिघांपैकी कुठलेही दोघं एकत्र आले की काम झालं. आणि त्यांच्यातला एकच असेल तर? ३१ + २१ + २ + २ = ५६. नाही पुरत. म्हणजे २१ वजनवाल्याने हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, निकाल कधीच बदलत नाही. २१ मतं हातात आणि ताकद शून्य! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाठकोऱ्या कागदावर सगळ्या जोड्या करून बघितल्या होत्या, विश्वासच बसेना. (हीच कल्पना लायोनेल पेनरोज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४६ ला मांडली होती, पण नाव बांझाफचं झालं.)

युरोपातही हा घोळ झालाय. १९५८ ला सहा देशांची आर्थिक बाजारपेठ सुरू झाली, मंत्री परिषदेत फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटलीला ४-४ मतं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला २-२, लक्झेंबर्गला १. पास व्हायला १२. बाकी सगळ्यांची मतं सम, त्यामुळे बेरीज ११ वर येऊन एकासाठी अडलीय असं कधी होऊच शकत नाही. लक्झेंबर्गचा मंत्री प्रामाणिकपणे मत देत होता आणि त्या पद्धतीत त्याचा निकालावर काडीचा परिणाम नव्हता.

तर बांझाफची पद्धत अशी. सगळ्या पक्षांच्या हो-नाहीच्या सगळ्या शक्यता मांडा. पाच पक्ष म्हणजे २ × २ × २ × २ × २ = ३२. प्रत्येक शक्यतेत हो म्हणणाऱ्या एकेका पक्षाबद्दल विचारा, याने पलटी मारली तर निकाल पलटतो का? पलटत असेल तर त्या पक्षाला एक गुण. बस. याला कठीण गणित लागत नाही, पेशन्स लागतो.

बुंडेस्टागच्या जागा घ्या: सीडीयू-सीएसयू २०८, एएफडी १५२, एसपीडी १२०, ग्रीन्स ८५, लिंके ६४ (आणि एक जागा एसएसडब्ल्यू नावाच्या छोट्या पक्षाची, ती बाजूला ठेवू). ३१६ गाठणाऱ्या, पण एक जरी बाहेर पडला तरी कोसळणाऱ्या जोड्या पाचच निघतात. सीडीयू + एएफडी. सीडीयू + एसपीडी. सीडीयू + ग्रीन्स + लिंके. एएफडी + एसपीडी + ग्रीन्स. एएफडी + एसपीडी + लिंके. यावरून गुण मोजले तर सीडीयूला १०, एएफडीला ६, एसपीडीला ६, ग्रीन्सला २, लिंकेला २, एकूण २६. नीट बघा, १५२ वाला आणि १२० वाला सारखेच! ८५ वाला आणि ६४ वालाही सारखेच! म्हणजे निव्वळ आकड्यांवर सुद्धा, मामा, तुमच्या २० टक्केवाल्याची ताकद १६ टक्केवाल्याएवढीच आहे.

पण हे झालं कागदावर. प्रत्यक्षात एएफडीबरोबर कोणीच सरकार करत नाही, तिकडे याला आग अडवणारी भिंत म्हणतात. मग एएफडीच्या जोड्या खोडा. उरल्या दोन, सीडीयू + एसपीडी आणि सीडीयू + ग्रीन्स + लिंके. गुण झाले ५, ३, १, १. आता सीडीयूने २०१८ मध्ये ठराव केलाय की लिंकेबरोबरही युती नाही, तीही जोडी खोडा. राहिली एकच जोडी, आणि तिच्यात दोघंही एकमेकांशिवाय शून्य, म्हणजे ताकद निम्मी-निम्मी. एसपीडीचा हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळ्यात वाईट निकाल होता, तरी २८.५ टक्केवाल्या पक्षासमोर ते बरोबरीने बसले, आणि अर्थ आणि संरक्षण ही दोन्ही खाती घेऊन उठले. बीएसडब्ल्यू आत आला असता तर ग्रीन्सनाही घ्यावं लागलं असतं आणि तिघांची ताकद प्रत्येकी एक तृतीयांश झाली असती. साडेनऊ हजार मतांनी हे ठरवलं.

आता यात नाटो कुठून आलं? पैशातून.

जर्मनीच्या राज्यघटनेत २००९ पासून कर्जाला ब्रेक आहे, केंद्र सरकारला जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त स्ट्रक्चरल तूट करता येत नाही (स्ट्रक्चरल म्हणजे मंदी-तेजीचा परिणाम वजा करून उरते ती, यात अजून खोल शिरत नाही). आधीचं शोल्त्स सरकार पैशाच्या भांडणातच पडलं, ६ नोव्हेंबर २०२४ ला अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं. ट्रम्प निवडून आल्याचं स्पष्ट झालं तोच दिवस. मग फेब्रुवारीत म्युनिकला अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी युरोपियनांना झापलं, २८ तारखेला व्हाइट हाउसमध्ये झेलेन्स्की आणि ट्रम्प यांची कॅमेऱ्यासमोर जुंपली, आणि बर्लिनमध्ये सगळ्यांना कळलं की आता संरक्षणाला स्वतःच्या खिशातून पैसा लागणार. त्यासाठी घटनादुरुस्ती हवी आणि तिला दोन तृतीयांश मतं.

नव्या सभागृहात दोन तृतीयांश म्हणजे ४२०. सीडीयू, एसपीडी, ग्रीन्स मिळून ४१३. सात कमी! दुसऱ्या बाजूला एएफडी आणि लिंके यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, एकाला कर्ज नको आणि दुसऱ्याला शस्त्रं नकोत, पण दोघांची बेरीज २१६ आणि अडवायला २११ पुरतात. साध्या बहुमतात ज्या लिंकेला २६ पैकी २ गुण होते तो पक्ष इथे एकदम दारात उभा. कोटा, म्हणजे पास व्हायला लागणारी मतं, बदलला की ताकद बदलते ती अशी.

मग सीडीयूचे नेते मेर्त्स यांनी काय केलं, तर नवं सभागृह २५ मार्चला बसायचं होतं आणि घटनेनुसार तोवर जुनंच सभागृह पूर्ण अधिकाराने चालू असतं, त्या जुन्यात ७३३ जागा, ४८९ हवीत, आणि हेच तीन पक्ष मिळून तिथे ५२०. १८ मार्चला मतदान, ५१२ बाजूने. ग्रीन्सनी आपल्या मतांची किंमत म्हणून हवामानासाठी १०० अब्ज युरो वसूल केले. आता जीडीपीच्या १ टक्क्यावरचा संरक्षणखर्च ब्रेकमधून बाहेर. त्याच जोरावर जूनमध्ये हेगच्या नाटो परिषदेत ३.५ टक्के थेट संरक्षणावर आणि १.५ टक्के संबंधित गोष्टींवर, २०३५ पर्यंत, असं ठरलं तेव्हा जर्मनी हो म्हणू शकली.

हे कायदेशीर आहे, कोर्टानेही थांबवलं नाही. पण मतदारांनी ज्यांना घरी पाठवलंय अशा लोकांनी नव्या लोकांच्या आठवडाभर आधी घटना बदलावी, हे मला तरी पचत नाही. युरोपला त्या पैशाची गरज होती हेही तितकंच खरं, आणि निवडणुकीआधी कर्जाचा ब्रेक राखायच्या गोष्टी करणाऱ्या नेत्याने तीन आठवड्यांत फिरणं हे तर आपल्याला नवीन नाहीच.

या पद्धतीची एक मोठी कमजोरी सांगायला हवी, ती पक्षाला एक दगड मानते. ६ मे ला चान्सेलर (म्हणजे तिकडचा पंतप्रधान) निवडायला गुप्त मतदान झालं, युतीकडे ३२८ आणि मेर्त्सना मिळाली ३१०. निवडणुकीनंतर चान्सेलर पहिल्या फेरीत पडायची जर्मनीतली ही पहिलीच वेळ. दुपारी दुसऱ्या फेरीत ३२५ मिळाली. दगडाला तडे असतात.

नाटोत तर याहून गंमत. नवा सदस्य घ्यायचा तर सगळ्यांची संमती लागते, म्हणजे बांझाफच्या हिशोबात अमेरिका आणि आइसलँड (ज्याला स्वतःचं सैन्यच नाही) यांची ताकद अगदी सारखी. स्वीडनने मे २०२२ मध्ये अर्ज केला आणि तुर्की, हंगेरी यांच्यासाठी थांबत मार्च २०२४ मध्ये आत आला. अर्जाच्या वेळी सदस्य ३० होते. ३० नाणी उडवून सगळ्यांवर छापा पडायची शक्यता १०७ कोटीत एक. देश नाणी उडवत नाहीत हे नशीब.

हो, आणि यूट्यूबवर एक ज्योतिषीबुवा शनीच्या राश्यांतरावरून नाटो फुटायची तारीख सांगतायत, तेही मामांनीच पाठवलं होतं. शनीचं मला माहीत नाही, पण करारात लिहिलंय की बाहेर पडायचं तर एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून कायदा आहे की राष्ट्राध्यक्षाला एकट्याला नाटो सोडता येणार नाही, सिनेटचे दोन तृतीयांश किंवा संसदेचा कायदा हवा. टीव्हीवरचे "नाटो संपलं" म्हणणारे अँकरही हे सांगत नाहीत. अर्थात न सोडताही ढिलाई करता येते, कारण पाचव्या कलमात (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, ते) मदत करा म्हटलंय, कशी करायची ते ज्याच्या-त्याच्यावर सोडलंय.

एवढं सगळं फोनवर ऐकवल्यावर मामा म्हणाले, "अरे ते ठीक आहे, पण तो बाजूला ठेवलेला एक खासदार, त्याचं काय?" तो एसएसडब्ल्यूचा, डेन्मार्कच्या सीमेवरच्या डॅनिश आणि फ्रिशियन लोकांचा पक्ष. अल्पसंख्याकांचा पक्ष म्हणून त्यांना ५ टक्क्यांची चाळणी लागत नाही, म्हणून सुमारे ७६ हजार मतांवर एक जागा मिळाली आणि बीएसडब्ल्यूला जवळपास पावणेपंचवीस लाखांवर एकही नाही. मी त्याच्या जोड्या करून बघितल्या. ३१६ साठी त्याची ताकद शून्य. ४२० साठीही केल्या, ४१३ आणि १ मिळून ४१४, तिथेही शून्य. लक्झेंबर्गसारखंच.

"मग तो तिथे करतो काय?" मामा म्हणाले. म्हटलं, भाषण करतो.

"आणि आमच्या ठमीचं एक मत, त्याची ताकद किती?" त्याचं गणित मी अजून केलेलं नाही.